तीन तारे, चार ठाणी

पहाटे ५.१०

उपविभागीय पोलीस अधिकाऱ्याच्या सरकारी घरात चार खोल्या आहेत. दोन गळतात, म्हणून बंद. उरलेल्या दोनांपैकी बाहेरच्या खोलीत साहेब स्टुलावर बसून बूट पॉलिश करताहेत. आधी ब्रशनं धूळ. मग जुन्या बनियनची चिंधी दोन बोटांवर ताणून पॉलिश, गोल गोल. मग पाण्याचा थेंब आणि पुन्हा गोल गोल. डबीच्या टोपणात घेतलेलं पाणी दोन्ही बुटांना पुरतं. हाताखाली माणसं आहेत, पण बूट ते १९८९ पासून स्वतःच करतात.

मराठवाड्यातलं तालुक्याचं गाव. नोव्हेंबर संपत आलाय, उसाचा हंगाम सुरू झालाय. गाव आणि नाव लिहायचं नाही, एवढ्या बोलीवर त्यांनी दिवसभर सोबत राहू दिलं. वय छप्पन्न. अठ्ठावन्नाला निवृत्ती.

खुंटीवर वर्दी टांगलेली. खांद्यावर तीन तारे. १९८९ साली शिपाई म्हणून भरती झाले तेव्हा खांद्यावर काहीच नव्हतं. १९९७ साली खात्यांतर्गत परीक्षा देऊन फौजदार झाले, दोन तारे आले आणि खाली लाल-निळी फीत. २००७ साली सहायक निरीक्षक, तिसरा तारा. २०१२ साली निरीक्षक. तारे तीनच, फीत बदलली. गेल्या वर्षी उपअधीक्षक. तारे तीनच, फीत गेली, आणि 'म.पो.' होतं तिथं 'म.पो.से.', म्हणजे महाराष्ट्र पोलीस सेवा, आलं. अठरा वर्षं झाली, खांद्यावर तीन तारे आहेत.

सकाळी ६.३०

मैदानाच्या चार चकरा झाल्या. पळणं दोन वर्षांपूर्वी सुटलं, गुडघे. चालता चालताच फोन. उपविभागात चार पोलीस ठाणी. चारही ठिकाणच्या ठाणे अंमलदाराला रोज साहेब स्वतः फोन लावतात.

"जय हिंद सर. रात्रीत एक अकस्मात मृत्यू, दोन अदखलपात्र. शिवारात मोटारीची केबल गेली, एक गुन्हा दाखल."

"केबल किती फूट?"

"दोनशे, सर."

"एकाच विहिरीवरची?"

"तीन विहिरींवरची मिळून."

"म्हणजे माणसं दोन तरी असणार, आणि गाडी. तांबं काढायला जाळतील. आज कुठल्या ओढ्यात धूर दिसला ते पोलीस पाटलांना विचारा. भंगारवाले नंतर बघू."

केबल गेली की रात्रीची विजेची पाळी असूनही गव्हाला पाणी देता येत नाही. नवी केबल, कनेक्टर, वायरमनची मजुरी. शेतकऱ्याचे पाच-सात हजार सहज जातात. चोराला तांब्याचे मिळतात त्याच्या कितीतरी कमी.

सकाळी ९.३०

कार्यालय तहसीलच्या मागं. बाहेरच्या खोलीत वाचक फौजदार, बारनिशीचा हवालदार, एक महिला शिपाई. टेबलावर गुन्ह्यांचे कागद, लाल नाडीनं बांधलेले. शासकीय झेरॉक्स मशीन बंद आहे, म्हणून प्रती कोपऱ्यावरच्या दुकानातून येतात, पानाला दोन रुपये. महिनाअखेर हिशेब. दुकानदाराची वही वाचक फौजदारांच्या ड्रॉवरमध्येच असते.

साहेबांच्या खुर्चीमागं भिंतीवर लाकडी पाटी. आजवर या खुर्चीवर बसलेल्यांची नावं आणि मुदत. कुणापुढं भा.पो.से. म्हणजे भारतीय पोलीस सेवा, कुणापुढं म.पो.से. साहेबांच्या वरचं नाव भा.पो.से. आहे. तो अधिकारी इथं आला तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता. यूपीएससी, हैदराबादची अकादमी, एका जिल्ह्यात प्रशिक्षण, आणि मग ही पहिली स्वतंत्र नेमणूक. इथून अपर अधीक्षक, मग एखादा जिल्हा, पुढं उपमहानिरीक्षक, महानिरीक्षक. खांद्यावरच्या ताऱ्यांच्या वर राजमुद्रा येणार, पुढं तिच्या जागी तलवार आणि दंडुका येणार.

साहेब याच खुर्चीवर पस्तीस वर्षांनी पोचले. राज्य सेवेतल्या उपअधीक्षकांनाही भारतीय पोलीस सेवेत जाता येतं, तिथल्या एक तृतीयांश जागा बढतीच्या आहेत. पण त्यासाठी उपअधीक्षक म्हणून आठ वर्षं लागतात. साहेबांच्या सेवेची दोनच उरलीत. त्यांची वाट इथं संपते. याच टेबलापासून एकाची सुरू होते आणि दुसऱ्याची इथंच पुरी होते, आणि पोलीस खातं समजून घ्यायचं तर या पाटीसमोर पाच मिनिटं उभं राहावं, असं मला खरंच वाटतं.

आधीच्या अधिकाऱ्याबद्दल साहेब आदरानं बोलतात. "कायद्याचं पान उघडल्याशिवाय सही करायचे नाहीत. पोराच्या वयाचे, पण ते मी त्यांच्याकडून घेतलं."

सकाळी १०.२०

तडीपारीची चौकशी. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम ५६. ठाण्यानं प्रस्ताव पाठवलाय, साहेबांनी चौकशी करून अहवाल द्यायचा, आदेश प्रांताधिकाऱ्यांचा. समोर चोवीस वर्षांचा मुलगा. मारामारीचे तीन गुन्हे, एक दारूचा. सोबत वकील.

वकील मुद्दे मांडतात. साहेब लिहून घेतात. मग मुलाकडे वळतात.

"काय करतोस?"

"ट्रॅक्टरवर आहे साहेब. कारखान्याला ऊस."

"मालक कोण? खेप किती मिळते?"

मुलगा सांगतो. उचल घेतलीय, पन्नास हजार. हंगाम अर्ध्यात सुटला तर उचल फिटायची नाही.

"शेवटची मारामारी कधीची?"

"पाडव्याची."

"त्यानंतर?"

"नाही साहेब. सकाळी चारला गाडीवर असतो."

साहेब ठाण्याच्या हवालदाराला बाहेर बोलावतात, हे खरं का विचारतात. हवालदार मान हलवतो. अहवालात काय लिहिणार ते साहेब मला सांगत नाहीत, मीही विचारत नाही. ट्रॅक्टरमालकाचा जबाब घ्या, एवढी सूचना ते कागदावर लिहितात. मुलगा उठताना वाकायला जातो, ते हातानं थांबवतात.

दुपारी १२.०५

बोलेरो गावात पोचते. चौतीस किलोमीटर, त्यातले शेवटचे नऊ खडीचे. परवा रात्री ॲट्रॉसिटीचा गुन्हा दाखल झालाय. या कायद्याखालचा तपास नियम ७ प्रमाणे उपअधीक्षकापेक्षा खालच्या हुद्द्याच्या अधिकाऱ्यानं करायचा नाही, आणि साठ दिवसांत पुरा करायचा. म्हणून साहेबांच्या टेबलावरचे सगळ्यात जड कागद याच कायद्याचे असतात.

फिर्यादी चाळिशीची बाई. चार दिवस कापूस वेचला. दहा रुपये किलो. चार दिवसांचा एकशे ऐंशी किलो झाला, अठराशे रुपये. मालक देईना. संध्याकाळी पिठाच्या गिरणीसमोर तो दिसला, तिनं पैसे मागितले, त्यानं चारचौघांत जातीवरून शिवीगाळ केली. आता तो घरी नाही, ठाण्याचं पथक शोधतंय.

कायद्याला इथं एक गोष्ट नेमकी लागते. अपमान लोकांच्या नजरेसमोर झाला पाहिजे. चार भिंतींच्या आत, बाहेरचं कुणी नसताना बोललेला शब्द या कलमात बसत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० सालच्या एका निकालात सांगितलंय. म्हणून जागा बघायची.

साहेब टेप काढतात. तीस मीटरची, कापडी, कडा उसवलेली. एक टोक शिपायाकडे. गिरणीच्या दारापासून रस्त्याची कड, चार मीटर दहा. दळणाला थांबणाऱ्यांचा कट्टा, दोन मीटर साठ. समोरच्या किराणा दुकानाची पायरी, अकरा मीटर. पंच म्हणून तालुक्याच्या कार्यालयातले दोन कर्मचारी आणलेत. ते प्रत्येक आकडा टेप वाचून स्वतः बोलतात, मग लिहिला जातो. महिला शिपाई ई-साक्ष्य ॲपवर चित्रीकरण करते. नेटवर्क नाही. ती मोबाईल उंच धरून रस्त्याच्या वळणापर्यंत जाऊन येते.

गिरणीवाला हात पिठानं पांढरे घेऊन उभा.

"तुम्ही काय ऐकलं?"

"काही नाही साहेब. गिरणी चालू होती. कानठळ्या बसतात."

साहेब वाद घालत नाहीत. "चालू करा बरं."

पट्टा फिरतो, जातं घरघरतं. साहेब शिपायाला कट्ट्यावर बसवतात. स्वतः रस्त्याच्या कडेला उभे राहून मोठ्यानं वारांची नावं घेतात. शिपाई निम्मी सांगतो. मग साहेब आत गिरणीवाल्याच्या जागेवर जातात आणि शिपायाला बोलायला लावतात. आत काहीच येत नाही. म्हणजे गिरणीवाला म्हणतो ते खरं असू शकतं.

हे सगळं पंचनाम्यात जातं. जे फिर्यादीच्या विरोधात जाईल तेही.

दुपारी १.१५

बाईच्या घरासमोर. साहेब टोपी काढून ओट्यावर बसतात. गाव बघतंय. जबाब ते स्वतः लिहितात. या कायद्याचा तपास त्यांच्याकडे येतो तेव्हा ते दुसऱ्याच्या हाती पेन देत नाहीत.

"ताई, घाई नाही. त्या दिवशी घरातनं निघाल्यापासून सांगा."

ती सांगते. बाजरीचं दळण होतं, पाच किलो. गिरणीवर सात-आठ माणसं होती. लाईट गेली होती म्हणून सगळे कट्ट्यावर थांबले होते.

साहेबांचं पेन थांबतं. "लाईट गेली होती?"

"हो. म्हणून तर मी थांबले. नाहीतर दळण टाकून गेले असते घरी."

"किती वेळ गेली होती?"

"ते काय सांगू. दिवेलागणीला गेली."

तिच्या ओळी तिच्याच शब्दांत लिहिल्या जातात. जी शिवी तिला दिली, ती तशीच. ती सांगताना तिनं पदर तोंडाशी धरला. साहेब मान वर न करता लिहीत राहिले. नंतर म्हणाले, त्या वेळी बघू नये, माणसाला दोनदा भोगायला लागतं.

अर्थसाहाय्याचा विषय निघतो. या कलमात एक लाख रुपये. पाव हिस्सा गुन्हा दाखल झाल्यावर, निम्मा दोषारोपपत्र कोर्टात गेल्यावर, उरलेला शिक्षा झाल्यावर. पण जातीचा दाखला लागतो. तो तिच्याकडे नाही. वडिलांचा शाळा सोडल्याचा जुना दाखला आहे, तिचा स्वतःचा नाही. सेतू केंद्रात दोन खेपा झाल्या, जायला-यायला वडापचे ऐंशी रुपये, आणि त्या दिवसाची मजुरी बुडाली ती वेगळी.

साहेब तहसील कार्यालयात फोन लावतात. मग महिला शिपायाला सांगतात, उद्या तू जाशील ताईंबरोबर, कागद हातात घेऊनच यायचं. निघताना किराणा दुकानात थांबतात. एक बिस्किटपुडा घेतात, पाच रुपये देतात. "या ताईंना माल देणं बंद झालेलं नाही ना?" दुकानदार म्हणतो, नाही साहेब. "होऊ नये," साहेब म्हणतात. पुडा दारातल्या पोराच्या हातात.

दुपारी २.५०

डबा गाडीतच. दोन भाकरी, मेथी, शेंगदाण्याची चटणी. एक भाकरी चालक हवालदाराची. रक्तदाबाची गोळी. पंधरा मिनिटं.

खाताना जुनं निघतं. भरतीनंतर ट्रेझरी गार्ड. दोन तास पहारा, चार तास मोकळे, पुन्हा दोन तास. त्या चार तासांत इतर माणसं झोपायची. साहेब रायफलीच्या शेजारी भारतीय दंड संहिता घेऊन बसायचे. दहावीवर भरती झालेले. मुक्त विद्यापीठातनं पदवी केली, कारण पदवीधराला खात्यांतर्गत परीक्षेला चार वर्षांच्या सेवेवर बसता यायचं. पहिल्या प्रयत्नात नापास, दुसऱ्यात पास. मग नाशिकची अकादमी. फौजदाराच्या जागा तेव्हा अशा वाटल्या जायच्या: निम्म्या सरळ भरतीच्या, पाव परीक्षा देणाऱ्या अंमलदारांच्या, पाव ज्येष्ठतेच्या.

नंतर तीन वर्षं गडचिरोली. तिथं एकस्तर, म्हणजे वरच्या पदाचं, वेतन मिळालं. त्याबद्दल ते एवढंच सांगतात की पायी चालायचं, रस्ता असला तरी रस्त्यानं नाही. सुरुंग रस्त्यात असायचे.

दुपारी ३.४०

न सांगता एका ठाण्यात. ठाणे दैनंदिनी उघडतात, शेवटची नोंद कितीची ते बघतात. कोठडीत एक जण. त्याला पाणी मिळालं का, घरी कळवलं का, अटक किती वाजता, कोर्टात कधी. चोवीस तासांचा हिशेब बोटांवर.

मग मुद्देमालाची खोली. शिपाई असताना साहेब दोन वर्षं मुद्देमाल कारकून होते. दारात उभं राहून नुसता वास घेऊन त्यांनी सांगितलं, दारूच्या बाटल्या गळताहेत, खालच्या फळीवरच्या. गळतच होत्या. कोयते, कुऱ्हाडी, मोबाईलची पाकिटं, एक शिलाई मशीन. प्रत्येकाला लेबल, गुन्ह्याचा नंबर, पंचांच्या सह्या.

सत्तावीस वर्षांचा फौजदार सोबत फिरतोय. सरळ भरतीचा. पुण्यात कॉटबेसिसवर राहून चार वर्षं अभ्यास केला, घरानं दीड एकर गहाण टाकली. आता मूळ वेतन ३८,६०० पासून सुरू झालंय, जमीन अजून सुटायचीय. त्यानं काल एक मोबाईल सील केलाय. साहेब पाकीट उजेडात धरतात.

"लाख कुठं लावलीस?"

"गाठीवर, सर."

"गाठीच्या पलीकडं दोरा सैल आहे. हा बघ." ते टाचणीनं दोरा सरकवतात. पाकिटाचं तोंड करंगळीएवढं उघडतं. "वकील कोर्टात हेच करून दाखवेल. मग तू काय सांगशील?"

पंच बोलावतात, नोंद करून पुन्हा सील. मेणबत्ती, लाखेची कांडी, पितळी शिक्का. दोरा उलटसुलट फिरवून चार पदर, गाठ कागदाला घट्ट, लाख गाठीवर आणि दोन्ही बाजूंना. गरम असतानाच शिक्का, तीनपर्यंत मोजून उचलायचा. लवकर उचलला तर अक्षरं पसरतात. उशीर झाला तर लाख शिक्क्याबरोबर येते. तरुण फौजदार दुसरं पाकीट स्वतः करतो. साहेब टाचणी लावून बघतात. दोरा हलत नाही.

फौजदाराकडे नव्या कायद्यांची कलमं तोंडपाठ आहेत. साहेबांच्या डायरीत मात्र हातानं आखलेलं पान चिकटवलेलं. डावीकडं जुनं, उजवीकडं नवं. ३०२ चं १०३, ३०७ चं १०९, ४२० चं ३१८ पोटकलम ४, ३७९ चं ३०३ पोटकलम २. ट्रेझरीच्या पहाऱ्यावर पाठ केलेलं सगळं १ जुलै २०२४ ला बदललं. पान कडेला झिजलंय. हे पान मला दिवसभरातल्या कुठल्याही गोष्टीपेक्षा जास्त आवडलं.

संध्याकाळी ६.१०

जिल्हा अधीक्षकांबरोबर व्हिडिओ कॉन्फरन्स. अधीक्षक चौतीस वर्षांचे. प्रलंबित गुन्हे, समन्स, वॉरंट, केबलचोऱ्या. साहेब प्रत्येक उत्तराच्या शेवटी 'सर' म्हणतात. अधीक्षकही त्यांना 'सर' म्हणतात, एकदा नव्हे, दर वेळी. चाळीस मिनिटं.

संध्याकाळी ७.२०

महावितरणच्या उपकेंद्रावर. फाट्याजवळ, कुंपणात. आत एक ऑपरेटर, बारा तासांच्या पाळीत एकटा. टेबलावर लॉगबुक. साहेबांनी दुपारीच पत्र तयार करून घेतलंय, ते आधी हातात देतात, पोच घेतात. मग विचारतात.

ऑपरेटर पान उलटतो. गावाच्या फीडरची ओळ. परवा, संध्याकाळी ६.२० ला ट्रिप. पुन्हा चालू ७.०५.

फिर्यादीत वेळ पावणेसातची आहे.

साहेब ओळ दोनदा वाचतात. चेहऱ्यावर काही नाही. "याची साक्षांकित प्रत तुमच्या साहेबांच्या सहीनं लागेल. उद्या माणूस पाठवतो." ऑपरेटर चहा मागवू का विचारतो. साहेब थांबतात, चहा घेतात, दोघांचे वीस रुपये स्वतः देतात आणि त्याला विचारतात, रात्री फ्यूज टाकायला एकट्यानं जाता का. हो म्हणतो. बॅटरी चांगली ठेवा, साहेब म्हणतात.

रात्री ८.४५

घर. खानावळीचा डबा, महिन्याला तीन हजार दोनशे. पत्नी छत्रपती संभाजीनगरला असते. छत्तीस वर्षांत बदल्या इतक्या झाल्या की मुलाची शाळा एका जागी राहावी म्हणून तिनं तिथंच राहायचं ठरवलं. घराचा हप्ता निवृत्तीच्या महिन्यात संपतो, तसाच बेतलाय. फोनवर दहा मिनिटं. ती डाव्या गुडघ्याचं विचारते, ते उजव्याचं सांगतात.

रात्री ११.३०

रात्रगस्त. कारखान्याच्या रस्त्यावर नाकाबंदी. दोन अंमलदार, दोन होमगार्ड, लोखंडी बॅरिकेड. होमगार्डचा एक जण दिवसा सलूनमध्ये काम करतो. बंदोबस्ताच्या दिवसाचे आता १,०८३ रुपये मिळतात. आधी ५७० मिळायचे. रोज काम नसतं, बोलावलं तर.

उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या एकामागून एक येताहेत. मागं दिवा नाही. ऊस ट्रॉलीबाहेर हातभर लोंबलेला. साहेब बोलेरोतून रिफ्लेक्टर टेपचं बंडल काढतात आणि स्वतः लावायला वाकतात. दुसऱ्या ट्रॉलीला गुडघा धरतो, तिसऱ्यापासून शिपाई लावतो. चालकांपैकी एक सकाळचा मुलगा. तो खाली उतरून कात्री मागतो, टेप नीट कापून मागच्या फळीवर लावतो. धूळ आधी बाहीनं पुसतो, नाहीतर चिकटत नाही. साहेब त्याच्या ट्रॉलीचा नंबर डायरीत लिहितात, पुढं वेळ लिहितात.

एक अंमलदार खांबाला टेकून उभा आहे. सकाळी नऊपासून ड्युटीवर, मध्ये तीन तास घरी. साहेब त्याला गाडीच्या बोनेटवर बसायला सांगतात. तो संकोचतो. "बस रे. मी उभा आहे तोवर बस."

रात्री १२.५०

घरच्या टेबलावर केस डायरी. आजचा दिवस लिहायचा आहे. टेपचे आकडे, गिरणीची चाचणी, बाईचा जबाब, लॉगबुकची ओळ. मग उद्याची कामं, एकेक ओळ. लॉगबुकची साक्षांकित प्रत. जातीचा दाखला, महिला अंमलदार सोबत. कट्ट्यावरच्या सात-आठ जणांची नावं, पोलीस पाटलांकडून. गिरणीवाल्याचा पुरवणी जबाब.

गिरणीवाल्याला ठाण्यात बोलवायचं का, मी विचारतो.

"नको. ठाण्यात आला की गावात वेगळं पसरतं. मीच जाईन, दळणाची गर्दी नसते तेव्हा. साडेअकराला." ते वेळ लिहितात. "तो खोटारडा नाही. त्याला त्याच गावात गिरणी चालवायचीय. लॉगबुक समोर ठेवलं की त्याला सांगायला सोपं जाईल. माझ्याकडं बोट दाखवता येईल त्याला."

चालकाला फोन, सकाळी साडेदहाला गाडी. दोषारोपपत्राला अठ्ठावन्न दिवस.